रत्नाचं टेबल, हौसाबाईंचं भात

रत्ना,

परवा तू फोन केलास तेव्हा मागे मशीन चालू होती, त्यामुळे मी बोलले त्यातलं निम्मं तुझ्या कानात गेलंच नाही. म्हणून लिहिते. आमच्या शहापूरच्या वाचनालयाचा अंक निघतोय. त्यात ‘आपल्या भागातली एक बाई’ असं सदर आहे. त्यांना बहुधा एखादी डॉक्टरीण नाहीतर सरपंच हवी होती. मी तुझं नाव दिलं. राग आला तर ये आणि भांड. त्या निमित्ताने तरी येशील.

आधीच सांगते, मी तुला थोर वगैरे करणार नाही. तू हट्टी आहेस, फोन वेळेवर उचलत नाहीस आणि चहात साखर टाकताना तुझा हात सैल सुटतो. पण तू पडवीत एक टेबल बांधलंस आणि त्या टेबलापायी सासूशी, माझ्याशी आणि भाताच्या पोत्यांशी जी झटापट केलीस, ती मी जवळून पाहिली आहे. तेवढीच लिहिते. इथून पुढे तुला ‘तू’ म्हणणार नाही. नाहीतर प्रत्येक वाक्याला ‘असं नव्हतं मावशी’ म्हणून मधे तोंड घालशील.

तर रत्ना ही गोजरची थोरली मुलगी. गोजर मूळचा उंबरमाळीकडचा, भातसानगरला धरणाच्या वसाहतीत चौकीदार होता. मी त्याच वसाहतीत, पाटबंधारे खात्यात आरेखक. इंजिनियर लोक कागदावर ज्या रेघोट्या ओढतात त्यांचे नीट नकाशे करायचे, हे माझं काम. रत्नाची आई ठकी माझ्याकडे भाकऱ्या करायला यायची आणि ही तिच्या पदराला धरून. घरात आली की माझी नकाशाची लांब लाकडी पट्टी मागायची. त्यात पुढच्या सुतारकामाची चाहूल वगैरे काही नव्हती. पट्टी घेऊन ती वसाहतीतल्या कुत्र्यांच्या मागे धावायची.

दहावी झाली, लग्न झालं. मुरबाड तालुक्यात, धसईच्या जवळ दिली. नवरा अमित कंपनीच्या बसवर ड्रायव्हर. बोलायला कमी, जेवायला व्यवस्थित. सासू हौसाबाई. घरची भातशेती, आणि त्या शेतीचा आणि घराचा कारभार सगळा हौसाबाईंकडे. मुलगी मनस्वी शाळेत जायला लागली तशी रत्नाने मुरबाडच्या एमआयडीसीत फोटोफ्रेमच्या एका छोट्या कारखान्यात काम धरलं. आधी फ्रेमा पुसून खोक्यात भरायची, मग काच बसवायची. पट्ट्या कापणारा माणूस गावी गेला तो परत आलाच नाही, तेव्हा मालकाने हिला मशीनवर उभं केलं. तिथे ती रमली.

ज्यांनी कधी फ्रेम बनताना पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. चौकटीला कोपरे चार. प्रत्येक कोपऱ्यात दोन पट्ट्या तिरक्या कापून एकमेकींना भिडवायच्या. काप केसभर चुकला तरी फट पडते, आणि गंमत अशी की पहिले तीन कोपरे गोड बोलून जुळतात, सगळी चूक चौथ्याच्या पदरात येते. हा तिरका काप देणारी जी मशीन असते तिला मायटर सॉ म्हणतात. गोल पातं, हव्या त्या कोनात फिरवायचं आणि वरून खाली दाबायचं. कारखान्यातले लोक नुसतं ‘मायटर’ म्हणतात. मीही तेच म्हणते.

कारखाना भिवंडीला हलला. मालक म्हणाला, तुला काम आहे, पण तिकडे यावं लागेल. धसईहून रोज भिवंडी म्हणजे मनस्वी उठायच्या आत निघायचं आणि ती झोपल्यावर यायचं. रत्नाने वेगळाच हिशेब केला. मालक जुनी मायटर काढून टाकत होता, ती तिने विकत घेतली आणि अमितच्या मित्राच्या टेम्पोतून घरी आणली.

हौसाबाई अंगणात सुपात तांदूळ निवडत होत्या.

“ह्ये काय आनलंस गो?”

“मशीन. चौकटी घरीच बनवीन.”

“घर हाय का कारखाना? कुठं ठेवनार?”

“पडवीत.”

“आनि भात? भात कुठं ठेवू? तुझ्या बापाच्या चौकीत?”

अमित म्हणाला, “आई, राहू दे की थोडे दिवस.”

“तू गप रे. बायको पातं फिरवनार आनि ह्यो म्हनं थोडे दिवस!”

मुद्दा हौसाबाईंचा होता आणि खरा होता. त्या घरात पावसाचं पाणी येत नाही अशी मोठी जागा एकच, ती पडवी. दिवाळीच्या सुमाराला झोडणी झाली की वर्षाचं भात पोत्यांत भरून तिथे लागतं. शेवटी त्यांनी निकाल दिला, “भात येईस्तवर ठेव. भात आलं का यंत्र बाहेर. मग भिवंडीला जा नायतर घरी बस.” 

रत्नाने मला फोन केला. “मावशी, एक नकशा काढून देता काय? टेबलाचा.”

टेबल कशाला, तर फ्रेमची पट्टी असते चांगली पुरुषभर लांब. मशीनचा स्वतःचा पाट असतो परडीएवढा. पट्टीची टोकं दोन्हीकडून लोंबकळली की ती पात्याखाली उचलली जाते आणि काप बिघडतो. म्हणून मशीन मधोमध एका खोलगट पेटीत बसवायची आणि दोन्ही बाजूंना लांब टेबलं अशी बांधायची की मशीनचा पाट आणि टेबलांचे पाट एका पातळीत येतील. मागे पट्टी टेकायला सरळ फळी. त्या फळीवर एक सरकता ठोकळा. तो एकदा घट्ट केला की समोरासमोरच्या पट्ट्या न मोजता सारख्या लांबीच्या निघतात. 

मी नकाशा काढला आणि एसटीने घेऊन गेले. माझ्या मते सुबक काम होतं. बारीक पाय, खाली सगळं मोकळं.

हौसाबाईंना अक्षर येत नाही पण चित्र कळतं. त्यांनी बोट ठेवलं. “आनि ह्याच्या खाली काय?”

“खाली काही नाही. झाडायला मोकळी जागा.”

“झाडायला! एवढी जागा झाडायला ठेवतात, तुमच्या सरकारात?”

मी म्हटलं, भुसा पडतो, तो काढायला नको का? त्या म्हणाल्या, भुसा मी चुलीत घालीन, पन भात डोक्यावर घेऊन बसू का? आम्ही दोघी अशा लागलेल्या असताना रत्नाने माझ्या हातातली पेन्सिल घेतली आणि नकाशात टेबलांच्या पायांत, जमिनीपासून वीतभर वर, एक जाड फळी ओढली.

“पोती खाली. पट्टी वर.”

“भातात भुसा जाईल,” मी म्हटलं.

“भाताला टरफल असतंय, मावशी.”

“तेच तर!” हौसाबाई म्हणाल्या. “टरफल काय खायचंय? उंदीर नाय, ओल नाय. बरं हाय ह्ये.” 

त्या दोघी एका बाजूला आलेल्या मी तेव्हा पहिल्यांदा पाहिल्या. माझ्या विरुद्ध का होईना.

गोठ्याच्या जुन्या फळ्या निघाल्या होत्या, त्या रंधून घेतल्या. अमित सुट्टीच्या दिवशी भोकं पाडून द्यायचा. दोन्ही टेबलं लांब, म्हणून पाट मधे वाकू नये यासाठी खालच्या फळीवर मधोमध एक खुंट उभा केला आणि वरचा पाट त्यावर टेकवला. हा खुंट कुणी सुचवला यावर रत्नाचं आणि माझं आजही एकमत नाही. ती म्हणते मावशींनी, मी म्हणते तिने. कारण पुढे येईलच.

भात आलं. पोती खालच्या फळीवर लागली, डावीकडे आणि उजवीकडे गच्च. हौसाबाईंनी पहिल्या पोत्याला हळदकुंकू लावलं आणि जाता जाता एक बोट मशीनलाही ओढलं. मशीन बाहेर काढण्याचा विषय त्यांनी काढला नाही, पण सोडलाही नाही. शेजारच्या बाईजाला त्यांनी ऐकवलं, “बगू. चौकटी इकल्या गेल्या तर ठीक. नायतर मशीन भंगारात, आनि सून भिवंडीत.”

मी माझ्या नोकरीच्या दिवसांतली लेव्हलची पट्टी घेऊन गेले होते. तीच ती, काचेच्या नळीत पाणी आणि पाण्यात बुडबुडा. बुडबुडा मधोमध आला की पृष्ठभाग समतल. भार आल्यावर पाट मधे जरासे बसले होते. रत्नाने खुंट आणि पाट यांच्या मधे लाकडी पाचरी ठोकल्या. ठोकता ठोकता बुडबुडा मधे आला. मी म्हटलं, आता यावर कोथिंबिरीचा दाणा ठेवला तरी घरंगळणार नाही.

मुरबाडच्या बाजारात शाम नावाच्या मुलाचा फोटो स्टुडिओ आहे. तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई सुरू होते आणि त्याला फ्रेमा लागतात. तो आधी कल्याणहून आणायचा. रत्नाने दिलेल्या पहिल्या फ्रेमा त्याने उलट्यासुलट्या करून पाहिल्या, कोपऱ्यात नख घालून पाहिलं आणि पुढची ऑर्डर दिली. थंडीत सगळं सुरळीत चाललं. मग एके दिवशी त्याचा फोन आला. रत्नाचे हात भुशाने भरलेले, म्हणून तिने फोन आवाज मोठा करून फळीवर ठेवला होता. पडवीभर ऐकू गेलं.

“वहिनी, ह्या वेळच्या कोपऱ्यांना फट आहे ओ. नवरानवरीच्या मधून मुंगी फिरेल.”

“सगळ्यांना?”

“लहानांना नाही. मोठ्यांना आहे. हे बघा, राग धरू नका, पण पुढच्या पण अशा आल्या तर मी परत कल्याणला सांगतो. गिऱ्हाईक माझ्या तोंडावर बोलतात.”

हौसाबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. “मी काय बोलली होती?” एवढंच म्हणून आत गेल्या. संध्याकाळी त्यांनी अमितला विचारलं, भिवंडीला जायची पहिली गाडी किती वाजता असते. 

दुसऱ्या दिवशी मी गेले. रत्नाचं तोंड सुजल्यासारखं. रडलीस का, विचारलं तर म्हणाली भुसा गेला डोळ्यांत.

“हात हलत असेल तुझा,” मी म्हटलं.

“हात नाय हलत.”

“मग पातं बोथट झालं.”

“नवं हाय पातं.”

“मग मशीनच म्हातारी झाली.”

“म्हातारी हाय, पन सरळ हाय. तुमच्यासारखी.” 

मी गुण्या लावला, म्हणजे सुताराचा तो काटकोन. पातं बरोबर, मागची फळी बरोबर. तिने आखूड तुकडे कापून कोपरा जुळवला. घट्ट. लांब पट्टी कापली. फट. पुन्हा आखूड, घट्ट. पुन्हा लांब, फट. आम्ही एकमेकींवर ओरडायला लागलो. मी म्हटलं, तू घाईत दाबतेस. ती म्हणाली, तुमी नकशा चुकवलात. मी चिडून लेव्हलची पट्टी डाव्या टेबलाच्या पाटावर आपटली. बुडबुडा मधे नव्हता. जिथे मी स्वतः कोथिंबिरीच्या दाण्याची बढाई मारली होती, तिथे पाट मधे फुगला होता.

“जमीन खचली,” मी म्हटलं.

“जमीन खचली तर पाट खाली जाईल. ह्यो वर आलाय.”

तेवढ्यात अमित आला. गिरणीवर भात भरडायला न्यायचं होतं. आमच्या भांडणात न पडता तो वाकला आणि त्याने डावीकडचं एक पोतं ओढून बाहेर काढलं. माझी नजर अजून पट्टीवरच होती.

बुडबुडा सरकला.

“अमित, थांब!”

“काय केलं मी?”

“पोतं परत ठेव.”

त्याने ठेवलं. बुडबुडा मागे आला.

“आता काढ.”

काढलं. सरकला.

“ठेव.”

“मावशी, गिरनी बंद होईल.”

“ठेव म्हणते ना!”

रत्ना खाली बसून पोत्यांच्या मागे डोकावली आणि तशीच बसून राहिली. मग कपाळावर हात मारून हसायला लागली. हसण्याच्या आवाजाने हौसाबाई बाहेर आल्या.

झालं होतं ते असं. पोत्यांच्या भाराने खालची फळी वाकली होती, आणि आम्ही शहाण्या दोघींनी ती वाकलेली असतानाच वरती पाचरी ठोकून टेबल समतल केलं होतं. घर जेवत होतं. भात लागलं की अमित नाहीतर हौसाबाई डाव्या बाजूचं पोतं काढत, कारण ती बाजू दाराजवळ. भार कमी झाला तशी फळी सरळ होत गेली, तिच्यावरचा खुंट वर आला आणि त्याने पाटाला पाठीत ढोसलं. त्या उंचवट्यावर लांब पट्टी ठेवली की तिचं टोक पात्याखाली उचललं जायचं. आखूड तुकडा उंचवट्यापर्यंत पोचतच नव्हता, म्हणून तो शहाण्यासारखा जुळायचा.

मी हे हौसाबाईंना समजावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“म्हंजे आमी जेवलो मनून हिची चौकट फाटली?”

“जवळजवळ तसंच.”

“मग काय, उपाशी राहू?”

अमित पोत्यावरच बसला आणि हसत सुटला. त्या माणसाला मी त्याआधी मोठ्याने हसताना ऐकलं नव्हतं.

तात्पुरता उपाय सोपा होता. पोतं काढलं की पाचर थोडी बाहेर ओढायची, पाट खाली बसतो. बुडबुडा मधे आला की थांबायचं. रत्नाने तसं केलं, लांब पट्टी कापली, कोपरा जुळवला आणि माझ्याकडे न देता हौसाबाईंच्या हातात दिला. त्यांनी शामसारखंच कोपऱ्यात नख घालून पाहिलं. नख गेलं नाही.

“आता कसं?” रत्नाने विचारलं.

“आता भात काढायला कुनी हात लावायचा नाय,” हौसाबाई म्हणाल्या. “ना तू, ना ह्यो. मी सांगीन तवा, मी सांगीन ते पोतं. आनि तुमची ती पान्याची पट्टी हितं ठेवून जा.”

ती पट्टी मला निवृत्तीपर्यंत पुरली होती. ठेवून आले.

शामकडे त्या फ्रेमा गेल्या. त्याचा तक्रारीचा फोन आला नाही. पुढच्या ऑर्डरचाच आला. हौसाबाईंनी भिवंडीच्या गाडीची चौकशी पुन्हा केली नाही.

त्यानंतर मी गेले तेव्हाचं सांगते. बाईजा पायलीभर भात उसनं मागायला आली होती. हौसाबाईंनी तिला अंगणात थांबवलं. आधी कमरेतून वाकून पोतं निवडलं, अमितकडून काढवलं, मग खलबत्त्याच्या बत्त्याने पाचरीच्या निमुळत्या टोकाला टिचकी मारून ती जराशी बाहेर सरकवली, पट्टी पाटावर ठेवली आणि एक डोळा मिटून पाहत राहिल्या.

“अगो हौसा, भात देतंस का ज्योतिष बघतंस?” बाईजा ओरडली.

“थांब गो. बुडबुडा बसू दे. माझ्याबिगर ही मशीन चालत नाय.”

रत्ना तोंड फिरवून पट्ट्या मोजायला लागली. दुसऱ्या वर्षीचं भात आलं तेव्हा मशीन बाहेर काढायची अट कुणाच्या लक्षातही नव्हती. कुठलं पोतं कुठे लागायचं हे सांगत हौसाबाई पडवीत उभ्या होत्या, हातात बत्ता घेऊन. 

आता पुन्हा तुझ्याशी बोलते, रत्ना, कारण एक गोष्ट राहिली आहे.

पाचरीचा उपाय तात्पुरता, हे मी त्याच दिवशी सांगितलं होतं. माझ्या न्हाणीघरातल्या शहाबादी फरश्या उरल्या आहेत. त्या एकावर एक रचून खालच्या फळीच्या मधोमध, फळी आणि जमीन यांच्यात घातल्या की फळी वाकणारच नाही. मग पाचर नको, बुडबुडा नको, पोती कुणीही कशीही काढा. हे मी हौसाबाईंच्या समोर बोलायला लागले तेव्हा तू चहा देता देता माझ्या पायावर पाय दिलास. चांगला जोरात दिलास. वर म्हणालीस, “येते ना मावशी, पुढच्या बाजाराला येते फरश्या न्यायला.”

त्यानंतर तू दोनदा शहापूरला येऊन गेलीस. एकदा काच घेऊन गेलीस, एकदा नुसती जेवून. अमित रिकामी गाडी घेऊन आला होता, तो अंगणातल्या अळूचे कंद घेऊन गेला. 

फरश्या अजून माझ्या नळापाशीच आहेत. शेवाळ धरलंय, परवा मी घसरता घसरता वाचले. गेल्या आठवड्यात शेजाऱ्यांकडे सिमेंट उतरवून एक टेम्पो परत निघाला होता. ड्रायव्हर म्हणाला, “आजी, धसईला चाललोय, काय द्यायचंय का कुणाला?”

मी त्याच्याकडे तुमच्यासाठी शेवग्याच्या शेंगा दिल्या. मिळाल्या का ते कळव.